तिसरी पाळी

एमआयडीसीच्या दुसऱ्या टप्प्यात, भंगाराच्या वजनकाट्यासमोर,
जिथं आधी सरकीची पोती असायची
त्या गाळ्यात आम्ही अकरा टेबलं मांडली.
भिंतींना अजून सरकीचा वास आहे.
उद्घाटनाला आलेले साहेब म्हणाले,
"जालन्यात कॉम्प्युटरातून काय चोरीला जाणार?"
हसले,
आणि मोसंबीचा रस पिऊन गेले.

मी तंत्रनिकेतनात अठरा वर्षं शिकवलं.
जी पोरं शिकली ती हिंजवडीला गेली, हैदराबादला गेली.
दिवाळीला येत, आईला मिक्सर आणत,
जाताना पाया पडून म्हणत,
"सर, इकडं काही असतं तर."
ते 'असतं तर' साठत गेलं माझ्याकडं
नळाला नवव्या दिवशी पाणी येणाऱ्या घरात
भांडी साठतात तसं.
मग एका मार्चमध्ये मी प्रॉव्हिडंट फंड काढला.
बायको म्हणाली, "बाकीचे प्लॉट घेतात."

पहिल्या तुकडीला मी पोर्ट शिकवत होतो,
कुठला उघडा, कुठला बंद, कसं तपासायचं.
उद्धव डोईफोडे, बापाची पंक्चरची टपरी अंबड चौफुलीवर,
मागच्या बाकावरून म्हणाला,
"म्हंजे ट्यूब पाण्यात बुडवायची
अन् बुडबुडे कुठून येतात ते पाहायचं."
मी खडू ठेवून दिला.
रुबीना बागवान दहा हजार ओळींच्या नोंदी
फळं उलटीपालटी करावीत तशी चाळते.
"सडकं कधीच वर नसतं, सर."
कूटलेखनासाठी मला वेगळं उदाहरण लागलं नाही:
अडत्यांच्या रुमालाखाली दाबलेली बोटं
सगळ्यांनी लहानपणी पाहिली होती.

आणि कांता खरात.
तिचा पणजोबा गावाचा जागल्या.
रात्रभर काठी आपटत फिरायचा,
सकाळी त्याच्या पदरात
जोंधळ्याची ओंजळ वरून टाकली जायची, शिवू नये म्हणून.
मुलाखतीत मी विचारलं, रात्रपाळी जमेल?
म्हणाली, "जागणं आमच्याकडं जुनंच आहे.
पगार नवा आहे."

सोयाबीनची आवक भरात होती तेव्हाची गोष्ट.
रात्रीचे दोन चाळीस.
बाजार समितीच्या सर्व्हरवर 'तोलणार' नावाचं खातं जागं झालं
आणि सगळ्या शेतकऱ्यांचे बँक नंबर मागू लागलं.
कांतानं बदनापूरला तोलणाऱ्याच्या घरी फोन लावला.
तिसऱ्या रिंगला उचलला.
"मी झोपलोय की. काहून?"
"झोपूनच राहा काका," ती म्हणाली
आणि खात्याला कडी घातली.

सकाळी लिलाव झाला. धूळ उडाली. चहा झाला.
भावावरून दोघांची जुंपली, नेहमीसारखी.
महिन्याच्या शेवटी बिल घेऊन गेलो तर सचिव म्हणाले,
"सर, तीन महिन्यांत काहीच तर झालं नाही.
पैसे कशाचे?"

सहाला भोंगा होतो.
रोलिंग मिलची तिसरी पाळी सुटते, आमचीही सुटते.
टपरीवर काजळीचे हात आणि कांताचे हात
एकाच किटलीतला चहा घेतात.
एकानं विचारलं, "ताई, तुमच्याकडं रात्रीत किती टन निघतो?"
ती बराच वेळ फुंकर घालत राहिली.
"अजून काटा नाही आला त्याचा," म्हणाली.

उद्धव यंदा पुण्याला गेला.
तिप्पट पगार होता, मी अडवलं नाही;
रात्री मात्र त्याच्या टेबलावरचा दिवा बंद करायला उठलो नाही.
सोमवारी त्याची धाकटी बहीण आली, सुनंदा,
हाताला अजून रबराच्या सोल्यूशनचा वास.
खुर्चीवर बसली. स्क्रीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
"सर," तिनं विचारलं,
"पाण्याचं घमेलं कुठंय?"